जुनी गाडी चढावर दम टाकते तेव्हा



गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरून दिवस भरलेल्या एका बहिणीला घेऊन रात्री नऊच्या सुमारास आम्ही यवतमाळकडे निघालो. सोबत तिची सासू, गावच्या आशाताई आणि गाडी चालवायला मी. राळेगाव वर्धा नदीच्या खोऱ्यात सखल जागी वसले आहे, तर यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर. म्हणजे जाताना रस्ता एकूण चढाचाच. कळंब मागे पडले आणि आपल्या जीपने मान टाकली. पाय पूर्ण दाबलेला, पण काटा साठावरून चाळिसावर आणि चाळिसावरून पंचविसावर आला. चौथा गियर सोडून तिसरा घेतला, मग दुसरा. शेवटी कडेला थांबलो. काय करावे सुचेना म्हणून इंजिन बंद केले. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केले तर गाडी अशी निघाली की काही झालेच नव्हते. यवतमाळ जवळ आले तसे पुन्हा तेच. पुन्हा थांबलो. मागच्या सीटवरून सासूबाई विचारत होत्या, अजून किती लांब आहे? मला उत्तर देववेना.

त्या रात्री आम्ही पोचलो. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण ती दोनदा थांबलेली दहा-दहा मिनिटे माझ्या मनातून गेली नाहीत.

पुढच्या आठवड्यात गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडले, दोनदा रेस दिली आणि पाच मिनिटांत निदान झाले. पंप गेला, टर्बोही गेला, सगळे मिळून ३८ हजार. गाडीखर्चाच्या खात्यात त्या दिवशी ११,४०० रुपये होते, आणि तेही तुमच्यापैकीच कोणी कोणी पाठवलेले. मी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे, पण त्या अभ्यासक्रमात डिझेल पंपाचा धडा नव्हता. गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे की खोटे हे मला कळत नव्हते, आणि हीच खरी अडचण होती. ३८ हजार खर्चून रोग तसाच राहिला असता तर तुम्हाला काय सांगायचे?

गाडी विकून का टाकत नाही, असेही दोघा-तिघांनी पत्रातून विचारले. २००७ ची ही जीप विकली तर येऊन येऊन लाख-सव्वालाख येतील, आणि पोडावर जाईल अशी नवी गाडी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढे. १५ वर्षे झाल्यावर आरटीओकडे तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केलेली आहे. तोवर तरी ती चालायला हवी. शिवाय जुन्या गाडीचा एक फायदा असतो. हिचा पंप यांत्रिक आहे, आत संगणक नाही, त्यामुळे हाताने, डोळ्याने आणि कानाने पुष्कळ काही तपासता येते.

हे मला शिकवले आमच्या शेजारच्या काकांनी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची उमर गेली, आता निवृत्त आहेत. मी ३८ हजारांचा आकडा सांगितला तसे ते म्हणाले, “पंपाले हात लावू नका भाऊ अजून. पह्यले एक वही आना.” ती वही आता गाडीच्या डॅशबोर्डात असते. तुमच्यापैकी अनेकांकडे दहा-पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आहेत आणि त्याही कधी ना कधी अशाच रुसतात, म्हणून या अंकात त्या वहीतले लिहितो आहे.

काकांचा पहिला प्रश्न होता, गाडी दम टाकते ती कधी? सतत की अधूनमधून? थंड असताना की तापल्यावर? फक्त चढावर की सपाटीवरही? किती किलोमीटर गेल्यावर? आणि डिझेल किती खाते, पूर्वीइतकेच की जास्त? मला वाटले होते की हे प्रश्न म्हणजे गप्पा. पण निदानाचा निम्मा भाग त्यातच असतो. रिंग-पिस्टन झिजले असतील तर गाडी सकाळी ओढत नाही आणि दुपारीही ओढत नाही. दहा मिनिटे विश्रांती घेऊन बरे होणारे पिस्टन नसते. सरासरीचेही तसेच. ताकद गेली आणि सरासरीही घसरली, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जाते आहे पण वाया जाते आहे, किंवा चाकांना कोणीतरी अडवून धरले आहे. ताकद गेली पण सरासरी तशीच असेल तर डिझेल मुळात पुरेसे पोचतच नसावे, अशी शंका घ्यायची. वहीतले जुने आकडे काढले. लिटरला १२ किलोमीटर, आधीही आणि आताही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. गाडी ओढत नाही हे प्रत्येकाला वेगळे वाटते. मलाच त्या रात्रीनंतर प्रत्येक चढावर धास्ती वाटू लागली होती. काकांनी एक चढ ठरवून दिला. दरवेळी तोच चढ, तीच माणसे, तिसरा गियर, ३० वरून ६० चा वेग यायला किती सेकंद लागतात ते सोबतच्याने मोबाइलवर मोजायचे. रस्ता मोकळा असेल तेव्हाच. बरी असताना १५ सेकंद, दम टाकल्यावर ६० चा आकडा येतच नाही. एवढे मोजून ठेवले की पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर खरेच फरक पडला का हे वही सांगते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या दोन फुकट बदलल्या ते कधीच कळत नाही.

इंजिनाकडे जाण्याआधी काकांनी मला चाकांकडे नेले. “गाडी ओढत नाही म्हंता, पन कोनं धरून ठेवलं असन तिले तर?” ब्रेक अर्धवट लागलेले राहत असतील तर इंजिन बिचारे सगळी ताकद ब्रेक तापवण्यातच घालवते. आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवायची, थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, जवळ न्यायचा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा कढत लागले तर चोर तिथे. क्लच प्लेट झिजली असेल तर चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, करपल्याचा वास येतो. टायरमधली हवा तर आपण महिनोन्‌महिने पाहत नाही.

मग पेडल. एकाने आत बसून पाय पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर शेवटच्या टोकाला टेकतो का ते पाहायचे. केबल ताणली असेल तर पाय तळाला जातो पण लिव्हर मध्येच थांबतो. पेट्रोल गाडीत हीच तपासणी कार्ब्युरेटरच्या किंवा थ्रॉटलच्या लिव्हरवर करायची. हसू नका, पण एकदा आमच्या वसतिगृहाच्या गाडीत पेडलखाली गोणपाट दुमडून बसले होते आणि दोन दिवस आम्ही इंजिनाला दोष देत होतो.

आपल्या जीपचे ब्रेक, क्लच, केबल सगळे ठीक निघाले. इथपर्यंत खर्च शून्य.

आता इंजिन. डिझेल इंजिनाला चार गोष्टी लागतात. भरपूर हवा, पुरेसे डिझेल, ते योग्य क्षणी पडणे आणि हवा दाबून तापवणारे घट्ट सिलिंडर. जळालेला धूर बाहेर जायला मोकळी वाट हवी, ही पाचवी. यातले काय कमी पडते आहे ते इंजिन स्वतःच सांगत असते, धुराच्या रंगातून. पाय पूर्ण दाबून चढ चढताना मागच्या माणसाने पाहायचे. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण ते जाळायला हवा पुरत नाही. एअर क्लिनर चोंदला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, टर्बो फिरत नसेल, किंवा नोझल फवारा न मारता धार सोडत असतील. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर आणि त्याला डिझेलचा झोंबरा वास, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन पाहा. पांढरी वाफ, गोडसर वास आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होते, तर हेड गॅसकेटची शंका. सकाळी गाडी चालू करताना थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, तिचा विचार करू नका.

आणि धूरच नाही, ताकदही नाही, तर? आपल्या जीपचे नेमके हेच होते. मागे मोटारसायकलवर आलेला वसतिगृहाचा मुलगा म्हणाला, सर, काहीच दिसले नाही. काका म्हणाले, “मंग टर्बो काहून बदलता?” टर्बो गेला असता तर हवा कमी पडून काळा धूर आला असता. काही पंपांवर टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारी डबी असते, तिथे हा नियम थोडा सैल पडतो. आपल्या पंपावर ती नाही. धूर नाही म्हणजे जळायला डिझेलच कमी येते आहे. ३८ हजारांतला निम्मा आकडा तिथेच गळून पडला.

पीयूसी केंद्रात दरवेळी आपण कागद घेऊन खिशात घालतो, पण त्यावर धुराचे माप लिहिलेले असते. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. आकडा चढत गेला असेल तर इंजिनाची तब्येत बिघडते आहे हे वर्षभर आधी कळते. आपल्या जीपचा आकडा फारसा हललेला नव्हता.

हवेचा दोष नाही असे ठरले तरी एअर क्लिनर आम्ही उघडलाच, आणि बरे झाले. एक लिटर डिझेल नीट जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. ही सगळी हवा त्या एका कागदी जाळीतून जायची असते. आपल्या भागात ऑक्टोबरपासून कापूस सुरू होतो. बाजार समितीच्या रस्त्याने, जिनिंगच्या आसपास गाडी रोज फिरते आणि हवेत तंतू उडत असतात. आमच्या क्लिनरच्या तोंडाशी रजईत भरता येईल इतका कापूस साठला होता. जाळी काढून तिच्या आत बल्ब धरायचा. उजेड सगळीकडून सारखा दिसला तर ठीक, नाहीतर बदलायची. हवेने उलट्या बाजूने झटकून एक-दोनदा वापरता येते, पण पाण्याने धुवू नये, आणि टर्बोच्या गाडीत जाळी काढून तर एक किलोमीटरही चालवू नये. टर्बोची पाती मिनिटाला लाखभर फेरे घेतात, एक खडा पुरतो. हाच कापूस रेडिएटरच्या पुढच्या जाळीत बसतो आणि गाडी तापते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा दहावा हिस्सा विरळ असते, म्हणजे उन्हाळी दुपारी निरोगी गाडीसुद्धा थोडी मंदच चालणार. तिला गॅरेजमध्ये नेऊ नका.

नवी जाळी ३६० रुपयांना मिळाली. इंजिनाचा आवाज थोडा मोकळा झाला, पण चढावर दहा-बारा किलोमीटरनंतर दम टाकणे तसेच.

आता डिझेलची वाट. टाकीतून नळी निघते, फिल्टरमधून पंपात येते, तिथून नोझलला. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. हे लक्षात ठेवले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. या भागात कुठे चीर पडली तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. मग सकाळी गाडी चालू व्हायला वेळ घेते आणि मेकॅनिक म्हणतो, एअर पकडली. फिल्टरआधी हातभर पारदर्शक नळी जोडून पाहिली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. आमच्या नळीत बुडबुडे नव्हते. फिल्टर बदलला. फरक नाही.

पुढची चाचणी फुकटची होती आणि तिने मला चकित केले. गाडीने दम टाकला त्याच क्षणी थांबून टाकीचे झाकण उघडायचे आणि कान द्यायचा. मी उघडले तर फुस्स करून हवा आत गेली. टाकीतून डिझेल जसे कमी होते तशी बाहेरची हवा आत यावी लागते, नाहीतर आत ओढ निर्माण होते आणि पंप विरुद्ध टाकी अशी रस्सीखेच चालते. गाडी थांबवून दहा मिनिटे बसलो की हवा कुठून तरी हळूहळू आत झिरपे, रस्सीखेच संपे आणि गाडी पुन्हा पळे. टाकीच्या हवेच्या बारीक नळीत तार घातली तर कडक माती निघाली. कुंभारीण माशीने तिथे घर केले होते. एवढ्याशा माशीने त्या बहिणीला रस्त्यात दोनदा थांबवले होते.

मला वाटले, सापडले. पण वहीने मला थांबवले. नळी मोकळी करून ठरलेल्या चढावर गेलो तर पूर्वी बारा किलोमीटरला दम टाकणारी गाडी आता पंचवीस किलोमीटरला टाकू लागली. म्हणजे सुधारली, बरी झाली नाही. दुखण्याला एकच कारण असते हा आपला समज असतो. जुन्या गाडीत दोन-तीन किरकोळ दोष एकमेकांचा हात धरून चालतात आणि प्रत्येक जण एकटा असता तर जाणवलाही नसता.

तेव्हा काकांनी कॅनची चाचणी केली. ही फक्त डिझेल गाडीसाठी आहे. पेट्रोल गाडीवर कोणीही, कधीही करू नये, जीव जाईल. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, त्यात नवे डिझेल भरले आणि इंजिनापाशी, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, हलणार नाही असा पट्ट्याने बांधला. टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवून तिच्या जागी कॅनमधून नवी नळी जोडली. पंपातून जादा डिझेल परत जाते ती नळीही कॅनमध्येच सोडली, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. हाताच्या प्रायमरने एअर काढली आणि निघालो. टाकी, टाकीची नळी, जाळी सगळे वगळले गेले. उरले फक्त फिल्टर, पंप, नोझल आणि इंजिन. काका शेजारी बसले होते. कळंबपर्यंत गेलो, चढ चढलो, पुढे गेलो, वळून परत आलो. गाडीने एकदाही दम टाकला नाही. तिसऱ्या गियरमध्ये १४ सेकंद.

पंप निर्दोष. टर्बो निर्दोष. नोझल निर्दोष. जे गॅरेजमध्ये खोलून महिनाभर पडले असते ते सगळे पाच लिटरच्या कॅनने सोडवले. हे तुम्हाला एवढे सविस्तर सांगतो आहे कारण पंप खोलण्याआधी आपल्या मेकॅनिकला ही चाचणी करायला सांगणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. चांगला मेकॅनिक त्याचा राग मानत नाही.

टाकी उतरवली. आतल्या ओढनळीच्या टोकाला जाळी असते, तिच्यावर काळी, बुळबुळीत साय होती. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आत पाणी सुटते, ते तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात. आपण पावसाळ्यात पोडावर जाताना कॅनमधून डिझेल ओतत होतो, त्यातूनही पाणी गेले असणार. ती चूक आमचीच. दुसरे म्हणजे टाकीपासूनची रबरी नळी. बाहेरून धडधाकट, पण ब्लेडने उभी चिरली तर आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबत होता. पंपाने जोरात ओढले की तो पडदा वाट बंद करायचा. सपाटीवर लागते तेवढे डिझेल जायचे, चढावर लागते तेवढे नाही.

खर्चाचा हिशेब असा. एअर क्लिनर ३६०, डिझेल फिल्टर ४२०, तेलाला टिकणारी नळी आणि क्लिपा ३१०, टाकी उतरवणे-धुणे-चढवणे मजुरी ७००. एकूण १,७९० रुपये. काकांनी काही घेतले नाही, चहा तेवढा घेतला, तोही बिनसाखरेचा.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. क्रम तोच, पण डिझेलपेक्षा इथे आगीची ठिणगी हा आणखी एक संशयित असतो. पहिले स्पार्क प्लग काढून पाहा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर प्रकृती चांगली. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी, तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता. प्लगच्या जुन्या वायरी अंधारात तपासता येतात. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, हात लांब ठेवा, कुठे निळी ठिणगी बाहेर उडताना दिसली तर ती वायर फुटली आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीत कचरा जेटमध्ये अडकतो, तो काढणे हे तासाभराचे काम. या गाड्यांचे इंजिन ७९६ सीसीचे. पाच माणसे, सामान आणि एसी एवढे घेऊन चढावर ती मंदावली तर तो आजार नव्हे. इंजेक्शनच्या गाडीत डॅशबोर्डावर इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी कोड वाचून घ्या. मोबाइलला जोडायचा वाचक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मंडळीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे. कोड म्हणजे निकाल नव्हे हे मात्र ध्यानात ठेवा. सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सरच खराब असे नाही. कधी त्याची वायर तुटलेली असते, कधी तो खरे तेच सांगत असतो.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे सरासरी थोडी घटणारच. पण एकदम अर्धी ताकद गेली तर त्याचे खापर इथेनॉलवर फोडून गप्प बसू नये. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या टाकीतला मळ सोडवते आणि जुन्या प्रकारचे रबर लवकर खराब करते. जुन्या गाडीच्या पेट्रोल-नळ्या आणि फिल्टर एकदा बदलून घेणे शहाणपणाचे. चढत्या वेगाला गाडी कोंडल्यासारखी वाटत असेल आणि सायलेन्सरमधून जोरदार झोत येत नसेल, तर धुराची वाट चोंदली आहे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या गाडीत सायलेन्सरच्या आतला पत्रा तुटून आडवा पडला होता.

हे सगळे करूनही ताकद आली नाही, तर मग पैसे काढायची वेळ. तेव्हाही सरळ इंजिन खोलायला सांगू नका. आधी टॅपेट सेटिंग तपासा आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. चारही सारखे असतील आणि थोडे कमी असतील तर गाडी अजून बरीच चालेल. एखादाच फार खाली असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅसकेट. घरच्या घरी एक ढोबळ अंदाज घेता येतो. इंजिन सावकाश चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून ठेवा. ते जागेवर राहिले तर ठीक, थाड थाड नाचू लागले आणि खालून धुराचे भपके आले तर रिंगा झिजल्या आहेत.

काही गोष्टी करूच नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. चालू इंजिनात पंपापासून नोझलकडे जाणारे लोखंडी पाइप सैल करून बोटाने धार पाहू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि हात गमवायची वेळ येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, खाली भक्कम आधार लावा.

हवेच्या नळीच्या तोंडाला आता आम्ही बारीक जाळी बांधली आहे, कुंभारणीसाठी. कॅनमधले डिझेल कापडातून गाळून ओततो आणि पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. नोव्हेंबरात त्याच पोडावरून एका आजोबांना घेऊन पुन्हा यवतमाळला गेलो. वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ‘पाच माणसे, कळंबनंतर चौथा गियर, कुठेही थांबलो नाही.’ त्याखाली काकांच्या अक्षरात पुढचे काम लिहिलेले आहे. ‘मागचा डावा ब्रेक थोडा गरम. कापूस संपल्यावर पाहणे.’